अध्यक्ष आर्थर आणि वशिल्याची शिडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षांपैकीं वॉशिंग्टन व लिंकन हीं दोन नांवें आपल्या मंडळ्यांतील शाळेंत गेलेल्या मुलांनाहि ठाऊक असतात. आजच्या लेखांत ज्या अध्यक्षांची हकीकत सांगावयाची आहे त्यांचें नांव खुद्द अमेरिकेंतहि फारसें कोणी घेत नाहीं. चेस्टर ॲलन आर्थर हे त्या देशाचे एकविसावे अध्यक्ष. लोकांनीं त्यांना अध्यक्ष म्हणून कधींच निवडून दिलें नाहीं. एका खुनामुळें तें पद त्यांच्याकडे आलें, आणि आलें तेव्हां त्यांच्या स्वतःच्या पक्षांतील सज्जनांनींहि कपाळाला हात लावला. तरीहि सरकारी चाकरी लायकी पाहून द्यावी, शिफारस पाहून देऊं नये, असा कायदा त्या देशांत ज्या सहीनें झाला ती सही याच गृहस्थांची होती. जो मनुष्य वशिल्याच्या शिडीनें वर चढला त्यानेंच वर गेल्यावर ती शिडी मोडावयास हात घालावा, हें कसें घडलें तें आपण पाहूं.

आर्थर यांचा जन्म इ. स. १८२९ च्या आक्टोबर महिन्याच्या ५ व्या तारखेस व्हरमाँट संस्थानांतील फेअरफील्ड या खेड्यांत झाला. त्यांचे वडील विल्यम आर्थर हे आयर्लंडांतून आलेले बाप्तिस्त पाळक होते. गुलामगिरीविरुद्ध ते उघडपणें बोलत, आणि तें सर्वांस रुचत नसे. एका मंडळींत त्यांचा फार काळ टिकाव लागला नाहीं व कुटुंबास गांवोगांव बिऱ्हाड हालवावें लागलें. पाळकाच्या घरांत वाढलेल्या वाचकांस याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं. मुलगा इ. स. १८४८ सालीं युनियन कॉलेजांतून पदवी घेऊन निघाला, कांहीं काळ शाळामास्तर होता, आणि इ. स. १८५४ सालीं न्यू यॉर्क शहरांत वकिली करूं लागला.

त्याच सालची एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतों, कारण पुढील चरित्राचा उलगडा करतांना ती उपयोगी पडेल. तारीख १६ जुलै, रविवार. एलिझाबेथ जेनिंग्ज नांवाची एक कृष्णवर्णी शिक्षिका आपल्या चर्चमध्यें उपासनेच्या वेळीं ऑर्गन वाजविण्यासाठीं निघाली होती. उशीर होत होता म्हणून ती समोर आलेल्या घोड्यांच्या ट्रामगाडींत चढली. न्यू यॉर्क संस्थानांत गुलामगिरी केव्हांच बंद झाली होती, पण ट्रामगाडींत काळ्या माणसानें बसावें कीं नाहीं हें गोऱ्या उतारूंच्या मर्जीवर असे. कंडक्टरानें तिला उतरावयास सांगितलें. ती उतरेना. त्यानें तिला ओढून खालीं काढलें. ती पुन्हां चढली. शेवटीं पोलिसाच्या मदतीनें तिला रस्त्यावर लोटण्यांत आलें. पाणवठ्यावरून परत फिरविलें जाणें म्हणजे काय, हें ज्यांच्या वाडवडिलांनीं सोसलें आहे त्यांच्या डोळ्यांपुढें हें चित्र सहज उभें राहील. तिनें फिर्याद केली. तिच्या बाजूनें कोर्टांत जे वकील उभे राहिले ते पंचवीस वर्षांचे आर्थर. इ. स. १८५५ च्या फेब्रुवारींत न्यायाधीशांनीं ज्यूरीस समजावून दिलें कीं, भाडें घेऊन लोकांची नेआण करणाऱ्या कंपनीनें सभ्यपणें वागणाऱ्या माणसास केवळ वर्णावरून नाकारतां येत नाहीं. ज्यूरीनें बाईस २२५ डॉलर नुकसानभरपाई देवविली आणि त्या कंपनीनें काळ्या उतारूंस गाडींत घेण्याचा हुकूम काढला.

पुढें यादवी युद्धाच्या काळांत न्यू यॉर्क संस्थानाच्या पलटणींस कपडे, अन्न, तंबू व इतर सामान पुरविण्याचें काम आर्थर यांच्याकडे होतें. अशा खात्यांत त्या वेळीं कंत्राटदारांनीं व अधिकाऱ्यांनीं मिळून हात धुऊन घेतल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. आर्थर यांचा हिशेब मात्र चोख राहिला. येथवर सर्व ठीक. यानंतरचीं पंधरा वर्षें मात्र त्यांच्या चरित्रकारांस झांकून ठेवावींशीं वाटतील अशीं आहेत.

तीं समजण्यास तेथील चाकरीची त्या वेळची पद्धत प्रथम समजली पाहिजे. इ. स. १८२९ सालीं अध्यक्ष झालेल्या जॅक्सन यांच्या काळापासून असा पायंडा घट्ट झाला कीं, जो पक्ष निवडणूक जिंकील त्यानें सरकारी जागा आपल्या माणसांस वांटाव्या. कारकून, टपालमास्तर, गोदामावरचा पहारेकरी, सारे या वांटणींतले. जागा पक्षानें दिली म्हणून निवडणूक जवळ आली कीं पगाराचा कांहीं हिस्सा पक्षाच्या पेटींत टाकावयाचा आणि कचेरीचें काम बाजूस ठेवून मतांसाठीं दारोदार हिंडावयाचें. जो देणार नाहीं त्याची चाकरी गेली. पक्ष हरला तर सर्वांचीच गेली, मग काम कोणीं कितीहि चांगलें केलेलें असो. ज्या उपदेशक बंधूंना हा धडा रात्रीच्या वर्गांत सांगावयाचा असेल त्यांनीं येथें थोडें थांबून ऐकणारांस विचारावें कीं, अशा कचेरींत प्रामाणिक कारकुनाचे दिवस कसे जात असतील. उत्तरें त्यांच्या स्वतःच्या अनुभवांतून येतील.

न्यू यॉर्क संस्थानांत या सर्व व्यवहाराचे धनी रॉस्को कॉन्कलिंग नांवाचे सिनेटर होते, आणि आर्थर हे त्यांचे उजवे हात. इ. स. १८७१ सालीं अध्यक्ष ग्रँट यांनीं आर्थर यांस न्यू यॉर्क बंदराचे मुख्य जकातदार नेमलें. देशाच्या एकंदर जकातीपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक रक्कम या एका बंदरांत गोळा होत असे. हाताखालीं सुमारें हजार नोकर होते. आणि पगार व पकडलेल्या मालावरील दंडाचा वांटा मिळून जकातदाराची प्राप्ति कांहीं वर्षें सालीना सुमारें ५०,००० डॉलर, म्हणजे देशाच्या अध्यक्षाच्या पगाराएवढी, होत असे. मत्तय ज्या नाक्यावर बसला होता त्याची आठवण वाचकांस होईलच. हा नाका त्याहून फार मोठा होता. आर्थर उंच, देखणे, पोषाखाचे शौकीन, मित्रांस जेवूं घालणारे, कचेरींत दुपारच्या सुमारास येणारे. त्यांनीं स्वतः सरकारचा पैसा खाल्ला असें त्यांच्या शत्रूंनींहि सिद्ध केलें नाहीं. पण ज्यांना कामाची गरज नव्हती अशा पक्षाच्या माणसांनीं कचेरी भरलेली होती, निवडणुकीची पट्टी त्या हजार पगारांतून निघत होती, आणि आर्थर यांना त्यांत कांहीं वावगें दिसत नव्हतें. माझ्या मतें त्यांचा दोष तो हाच. स्वतःचे हात स्वच्छ आहेत एवढ्यावर त्यांनीं समाधान मानलें.

इ. स. १८७७ सालीं अध्यक्ष झालेले हेझ हे त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, पण सुधारणावादी. त्यांनीं जकातखात्याची चौकशी करविली, सरकारी नोकरांनीं पक्षाच्या कारभारांत पडूं नये असा हुकूम सोडला, आणि आर्थर यांस राजीनामा देण्यास सुचविलें. आर्थर यांनीं तो दिला नाहीं. शेवटीं इ. स. १८७८ च्या जुलैंत हेझ यांनीं त्यांना दूर केलें. तेव्हां सुधारणेमुळें ज्यांची जागा गेली अशांपैकीं आर्थर हे एक, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

इ. स. १८८० च्या जानेवारींत त्यांची पत्नी एलन न्यूमोनियानें वारली. पति त्या वेळीं पक्षाच्या कामासाठीं ऑल्बनीस गेले होते. ते परतले तेव्हां ती शुद्धीवर नव्हती. हें दुःख त्यांनीं पुढें कधीं टाकलें नाहीं. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत शिकागो येथें रिपब्लिकन पक्षाची परिषद भरली. छत्तिसाव्या वेळच्या मतदानांत अध्यक्षपदासाठीं जेम्स गार्फील्ड यांची निवड झाली. गार्फील्ड हे लांकडाच्या झोंपडींत जन्मलेले, एके काळीं सुवार्तेचे उपदेश करीत असलेले गृहस्थ, आणि ते कॉन्कलिंगच्या तटाचे नव्हते. रुसलेल्या तटाची समजूत घालण्यासाठीं उपाध्यक्षपद आर्थर यांस देऊं केलें. कॉन्कलिंगनें तें नाकारण्यास सांगितलें. आर्थर यांनीं घेतलें. धन्याचें न ऐकल्याचा त्यांच्या चरित्रांतील हा पहिला प्रसंग. तरी निवडून आल्यावरहि ते कॉन्कलिंगच्याच मागें होते. गार्फील्ड यांनीं न्यू यॉर्कच्या जकातदाराच्या जागेवर कॉन्कलिंगच्या एका विरोधकास, रॉबर्टसन यांस, नेमलें तेव्हां कॉन्कलिंगनें रागानें सिनेटचा राजीनामा दिला, आणि त्यास पुन्हां निवडून आणण्यासाठीं देशाचे उपाध्यक्ष ऑल्बनीस जाऊन आमदारांच्या मिनतवाऱ्या करीत बसले. वर्तमानपत्रांनीं त्यांची छीथू केली, आणि ती योग्यच होती.

अशा स्थितींत इ. स. १८८१ च्या जुलै महिन्याची २ री तारीख उजाडली. त्या सकाळीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत चार्ल्स गिटो नांवाच्या माणसानें गार्फील्ड यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडल्या. निवडणुकींत आपण एक भाषण लिहिलें, तेव्हां पॅरिस येथील वकिलातीची जागा आपणांस मिळालीच पाहिजे, असें या भ्रमिष्टाच्या डोक्यानें घेतलें होतें. महिनोन्‌महिने तो कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत होता. जागा मिळाली नाहीं म्हणून त्यानें पिस्तूल विकत घेतलें. पकडला गेला तेव्हां आपण कॉन्कलिंगच्या तटाचे आहों आणि आतां आर्थर अध्यक्ष होतील असें तो ओरडला. पुढील वर्षीं त्यास फांशी झाली. पण त्या आरोळीचें काय? देशभर कुजबूज झाली कीं, या खुनाचा फायदा कोणाला? आर्थर यांचा त्यांत कांहीं हात नव्हता. तथापि ज्या पद्धतीवर ते पोसले होते त्याच पद्धतीच्या हव्यासानें हा खुनी बाहेर पडला, हें त्यांना कोणीं सांगावें लागलें नाहीं.

गार्फील्ड ७९ दिवस झगडत राहिले. डॉक्टरांनीं न धुतलेल्या हातांनीं गोळी शोधतां शोधतां जखम चिघळविली. या काळांत आर्थर न्यू यॉर्कमध्यें आपल्या घरांत राहिले. अध्यक्षाचे अधिकार हंगामी म्हणून घ्यावे असें सुचविणारांस त्यांनीं साफ नकार दिला. आगस्टच्या अखेरीस त्यांना एक पत्र आलें. लिहिणारी ज्यूलिया सँड नांवाची एकतीस वर्षांची, आजारानें घरांत बसलेली स्त्री होती. तिची त्यांची ओळख नव्हती. तिनें लिहिलें तें थोडक्यांत असें: तुम्ही अध्यक्ष होणार या विचारानें लोकांच्या माना खालीं जात आहेत, पण मोठा प्रसंग माणसांतील झोंपलेला चांगुलपणा जागा करतो, तुमच्यांत तो असेल तर आतां दाखवा, सुधारणा करा. इतकें स्पष्ट त्यांना त्यांच्या मित्रमंडळींतलें कोणीहि बोललें नसतें. तिचीं पत्रें पुढें दोन वर्षें येत राहिलीं. इ. स. १८८२ च्या आगस्टांत एके संध्याकाळीं न कळवितां अध्यक्षांची गाडी तिच्या दाराशीं थांबली आणि ते तिच्या कुटुंबांत कांहीं वेळ बसून गेले.

१९ सप्टेंबरच्या रात्रीं गार्फील्ड वारल्याची तार आली. आर्थर आपल्या खोलींत हुंदके देऊन रडत आहेत असें दारावरच्या नोकरानें बातमीदारांस सांगितलें. मध्यरात्र उलटून दोन वाजल्यानंतर त्यांच्याच घरीं एका स्थानिक न्यायाधीशानें त्यांना शपथ दिली. थोड्याच दिवसांत कॉन्कलिंग आपलें देणें वसूल करावयास आला: रॉबर्टसनला जकातखात्यांतून काढा. आर्थर यांनीं काढलें नाहीं. ज्या मनुष्यानें त्यांस वाढविलें, हुद्दा दिला, त्याला त्यांनीं तोंडावर नाहीं म्हटलें. दोघांची मैत्री तेथें संपली. जुन्या तटांतील इतर पुष्कळांस त्यांनीं जागा दिल्या हेंहि खरें आहे, आणि तें लपवूं नये. मनुष्य एका रात्रींत धुऊन निघत नाहीं.

नव्या कायद्याचा मसुदा ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर पेंडलटन यांनीं मांडला असल्यामुळें त्यास त्यांचें नांव आहे. तो मुख्यत्वें लिहिला डॉर्मन ईटन या वकिलांनीं. ईटन यांनीं इंग्लंडांत जाऊन तेथील परीक्षापद्धतीचा अभ्यास केला होता. आणि इंग्लंडनें ती पद्धत आपल्या घरीं लावण्यापूर्वीं हिंदुस्थानच्या सिव्हिल सर्व्हिससाठीं ठरविली होती, असा तिचा आपल्याशीं दूरचा संबंध पोंचतो. (मात्र हिंदी तरुणास ती परीक्षा देण्यासाठीं इ. स. १९२२ पर्यंत लंडनासच जावें लागे.) आर्थर यांनीं आपल्या पहिल्याच वार्षिक संदेशांत या प्रश्नास हात घातला. काँग्रेस, म्हणजे तेथील कायदेमंडळ, मात्र हालेना. इ. स. १८८२ च्या निवडणुकींत रिपब्लिकन पक्षानें मार खाल्ला, तेव्हां सभासदांचे कान उघडले. पुढें आपण हरलों तर आपलीं माणसें तरी जाग्यावर राहावींत, हा हिशेबहि त्यांत होताच. सिनेटनें ३८ विरुद्ध ५ मतांनीं बिल मंजूर केलें, प्रतिनिधिसभेनें १५५ विरुद्ध ४७ मतांनीं, आणि १६ जानेवारी १८८३ रोजीं आर्थर यांनीं त्यावर सही केली.

कायद्यांतील कलमें आजहि वाचण्यासारखीं आहेत. तीन आयुक्तांचें मंडळ नेमावें व त्यांत एका पक्षाचे दोहोंहून अधिक नसावेत. यादींत आलेल्या जागा उघड परीक्षेनें भराव्या. ती परीक्षा त्या कामास उपयोगी अशीच असावी, पांडित्याची नसावी. प्रथम कांहीं काळ उमेदवारी करवून मगच नेमणूक कायम करावी. पक्षासाठीं पट्टी न दिल्याबद्दल कोणास काढूं नये, आणि सरकारी नोकरानें दुसऱ्या सरकारी नोकराकडून अशी पट्टी मागूं नये. दारूच्या अतिरेकाची ज्यास संवय आहे त्यास घेऊं नये. एका कुटुंबांतील दोघे चाकरींत असतील तर तिसऱ्यास अशी जागा देऊं नये. आणि कायदेमंडळाच्या सभासदानें दिलेली शिफारस अर्जदाराची वागणूक व राहण्याचें ठिकाण यांपलीकडे विचारांत घेऊं नये.

हें शेवटलें कलम मीं प्रथम वाचलें तेव्हां पुस्तक मिटून कांहीं वेळ तसाच बसलों. मंडळींतील बाप आपल्या मुलासाठीं चिठ्ठी मागावयास येतात, आणि मीं अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. एकदां तर मुलगा त्या जागेच्या लायक नाहीं हें ठाऊक असतां लिहिली, कारण बाप फार गरीब होता. जागा त्या मुलास मिळाली. जो दुसरा अर्जदार परत गेला त्याचें घर कसें होतें, याची मीं विचारपूस केली नव्हती.

कायदा पहिल्यानें फार मोठा नव्हता. देशाच्या सरकारी नोकरांपैकीं सुमारें दहावा हिस्साच त्याखालीं आला: वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतील कारकून, आणि ज्या जकातगृहांत व टपालकचेऱ्यांत ५० किंवा अधिक नोकर होते तेथील लोक. न्यू यॉर्कचें जकातगृह, म्हणजे आर्थर यांचें स्वतःचें जुनें राज्य, त्यांत आलें. पण कायद्यांत एक बीज होतें. आणखी जागा यादींत घालण्याचा अधिकार अध्यक्षास दिलेला होता. पुढें झालें असें कीं, पक्ष हरून जाणारा प्रत्येक अध्यक्ष आपण नेमलेल्या माणसांस संरक्षण मिळावें म्हणून त्यांच्या जागा यादींत घालून जाई. हेतु स्वार्थाचा, पण जागा एकदां यादींत गेली कीं पुढची नेमणूक परीक्षेनेंच व्हावयाची. विसाव्या शतकाच्या आरंभीं थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असतां निम्म्याहून अधिक जागा या रीतीनें आंत आलेल्या होत्या. आर्थर यांनीं पहिल्या आयुक्तांत ईटन यांसच प्रमुख नेमलें, त्यामुळें कायदा कागदावर राहिला नाहीं.

त्यांच्या इतर कामांविषयीं थोडेंच सांगतों. नद्या व बंदरें यांच्या नांवाखालीं सभासदांनीं आपापल्या मतदारसंघांत पैसा वांटण्याचें सुमारें १ कोटि ९० लक्ष डॉलरांचें बिल त्यांनीं इ. स. १८८२ सालीं परत पाठविलें. काँग्रेसनें दुसऱ्याच दिवशीं तें त्यांच्या नकारावरून मंजूर केलें. टपालाच्या कंत्राटांतील लांचलुचपतीबद्दल त्यांनीं आपल्याच पक्षांतील बड्या लोकांवर खटले चालविले. ज्यूरीनें त्यांना सोडलें. चिनी मजुरांस वीस वर्षें देशांत येऊं देऊं नये असें बिल आलें तेव्हां तें चीनशीं झालेल्या तहाविरुद्ध आहे म्हणून त्यांनीं नाकारलें, पण महिन्याभरांत वीसाचीं दहा वर्षें करून तेंच पुन्हां आलें तेव्हां त्यांनीं सही केली. तो कायदा वाढत वाढत इ. स. १९४३ पर्यंत राहिला. जेनिंग्जबाईच्या वकिलाच्या हातची ती सही वाचतांना वाईट वाटतें. इ. स. १८८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खाणावळी, आगगाड्या व नाटकगृहें यांत वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा रद्द ठरविला. त्यावर, काँग्रेसनें या हक्कांच्या रक्षणासाठीं घटनेस धरून दुसरा कायदा केल्यास आपण त्यास बेलाशक मान्यता देऊं, असें आर्थर यांनीं संदेशांत कळविलें. काँग्रेसनें कांहीं केलें नाहीं, आणि त्यांनीं पुढें तो प्रश्न लावून धरला नाहीं.

इ. स. १८८२ मध्येंच त्यांना मूत्रपिंडाचा असाध्य रोग असल्याचें कळलें होतें. तें त्यांनीं लोकांपासून गुप्त ठेवलें. इ. स. १८८४ च्या परिषदेंत जुन्या मित्रांना ते विश्वासघातकी वाटले, सुधारकांना ते पुरे सुधारक वाटले नाहींत, आणि उमेदवारी ब्लेन यांस गेली. आर्थर न्यू यॉर्कला परत गेले व १८ नोव्हेंबर १८८६ रोजीं सत्तावन्नाव्या वर्षीं वारले. मृत्यूच्या थोडेंच आधीं त्यांनीं आपले बहुतेक सर्व खाजगी व सरकारी कागद जाळविले. जकातखात्याच्या दिवसांतील काय काय त्यांत गेलें तें आतां कोणास कळावयाचें नाहीं. इ. स. १९५८ सालीं त्यांच्या नातवाकडून उरलेले कागद वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयानें घेतले, तेव्हां त्यांत ज्यूलिया सँड हिचीं तेवीस पत्रें निघालीं. तीं त्यांनीं जाळलीं नव्हतीं.